परसातला ऑस्वाल्ड : ब्रश कुठे फिरला आणि कुठे नाही

प्रश्न असा आला आहे : "केनेडींच्या खुनातला आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड हातात रायफल घेऊन घराच्या परसात उभा आहे, तो फोटो बनावट असल्याचं सांगणारा व्हिडिओ पाहिला. नाकाची सावली सरळ खाली पडली आहे, अंगाची मात्र तिरकी. हनुवटी दुसऱ्याच कुणाची वाटते. रायफलच्या कडा तर पेनाने काढल्यासारख्या दिसतात. सोबत फोटो पाठवत आहे. तुम्ही डार्करूममध्ये आयुष्य काढलंत, तुम्हाला काय वाटतं?"

निकाल आधी सांगतो, कारणं मग. फोटो खरा आहे. पण तुम्ही पाठवलेल्या प्रतीवर कुणाचा तरी ब्रश फिरलाय, हेही खरं आहे. तो ब्रश पोलिसांचा नाही की सीआयएचा नाही. तो आमच्या धंद्यातल्या माणसाचा आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता आल्या नाहीत, म्हणून गेली साठ वर्षं हा घोळ चालू आहे.

मी मूळचा रिटचर, म्हणजे फोटोवर हाताने ब्रश फिरवून सुधारणा करणारा. आधी स्टुडिओत, मग एका दैनिकाच्या प्रोसेस खात्यात. स्टुडिओत असताना डोकी चिकटवणं हे माझं रोजचं काम होतं. वडील वारलेले, घरात त्यांचा एकच पासपोर्ट फोटो. आई आणि मुलं नव्याने फोटो काढून घ्यायची आणि मधे वडील बसवून द्या म्हणायची. कोट माझ्याकडे तयार असायचा, त्यावर फक्त डोकं बसवायचं. असे शेकड्याने फोटो आजही घराघरांत हार घालून टांगलेले असतील. तेव्हा बनवाबनवी कशी होते आणि कुठे पकडली जाते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

आता प्रकरण थोडक्यात. 22 नोव्हेंबर 1963 ला डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना गोळ्या लागल्या. ऑस्वाल्ड त्याच दुपारी एका सिनेमागृहात पकडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सामानाची झडती झाली. त्याची रशियन बायको मरीना तेव्हा डॅलसजवळच्या अर्व्हिंगमध्ये एका ओळखीच्या बाईंकडे राहत होती आणि या दोघांचं सामान त्या घराच्या गॅरेजमध्ये होतं. तिथे दोन प्रिंट सापडल्या. काळे कपडे घातलेला ऑस्वाल्ड, कमरेला रिव्हॉल्व्हर, एका हातात दुर्बीण लावलेली रायफल आणि दुसऱ्या हातात दोन डावी वृत्तपत्रं, 'द मिलिटंट' आणि 'द वर्कर'. खुनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाच्या कागदांत या प्रिंट 133-ए आणि 133-बी म्हणून नोंदलेल्या आहेत. आयोगापर्यंत निगेटिव्ह मात्र एकच पोचली, बी ची.

फोटो मरीनानेच काढले. डॅलसच्या वेस्ट नीली स्ट्रीटवर 214 नंबरच्या घरात ते तेव्हा भाड्याने राहायचे. रविवारी ती परसात बाळाचे लंगोट वाळत घालत होती, नवरा कॅमेरा घेऊन आला आणि बटण दाबायला सांगितलं, असं तिने जबानीत सांगितलं. आयोगाने ती तारीख 31 मार्च 1963 धरली. हातातल्या वृत्तपत्रांवर 11 मार्च आणि 24 मार्च या तारखा आहेत. रायफल शिकागोच्या दुकानातून 20 मार्चला रवाना झाली होती. म्हणजे सगळा हिशोब जुळतो.

पोलीस कप्तान विल फ्रिट्झ यांनी कोठडीत फोटो दाखवला तेव्हा ऑस्वाल्ड म्हणाला, चेहरा माझा आहे, धड माझं नाही, कुणीतरी जोडलंय, मला फोटोग्राफीतलं कळतं. दुसऱ्या दिवशी जॅक रुबी नावाच्या नाइटक्लबच्या मालकाने त्याला गोळी घातली. त्या चौकशीचं ध्वनिमुद्रण झालेलं नाही आणि लघुलेखकही बसवलेला नव्हता. इतक्या मोठ्या खुनाच्या चौकशीत ही हलगर्जी अक्षम्य आहे. संशय घेणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर मी इथून सुरुवात करीन, नाकाच्या सावलीपासून नाही.

आता रायफलच्या 'पेनाने काढलेल्या' कडांकडे येऊ. 21 फेब्रुवारी 1964 च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर 133-ए छापला गेला. 'न्यूजवीक' आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही तो छापला. लोक निरखून पाहायला लागले. एकाच फोटोत रायफल निरनिराळी कशी दिसते? कुठे दस्त्याचा आकार बदललेला, तर काही छापील प्रतींत दुर्बीण दिसतच नाही. आयोगाने विचारणा केली तेव्हा तिन्ही प्रकाशनांनी कळवलं की छपाईसाठी आम्ही फोटो रिटच केला होता आणि त्यात रायफलचे बारकावे नकळत बदलले. हे वॉरन अहवालातच छापलेलं आहे. ते काही लपवून ठेवलेलं नाही.

हे वाचून मला जराही नवल वाटलं नाही. वर्तमानपत्राचा कागद म्हणजे शाई पिणारा टीपकागद. चित्र ठिपक्यांत फोडणारी ब्लॉकची जाळी जाडीभरडी. काळ्या शर्टावर काळी नळी असेल तर छापल्यावर नुसता डाग उमटतो. म्हणून संपादक सांगायचा, "जरा उठाव दे." मग आम्ही बारीक ब्रशने प्रोसेस व्हाइटची एक रेघ नळीच्या कडेने ओढायचो, दुसऱ्या बाजूने काळं मारायचो, मागची भिंत एअरब्रशने धूसर करायचो. मंत्र्यांच्या डोक्यावरचे केस आम्ही असेच वाढवलेत. कुणाला फसवायचं हा हेतू नसायचा, सकाळच्या अंकात चित्र नीट दिसावं एवढंच डोक्यात असायचं. तो फोटो उद्या कुणी पुरावा म्हणून भिंगाखाली धरेल, हे आमच्या गावीही नसायचं. डॅलसच्या फोटोवर ज्याने ब्रश फिरवला त्याच्याही गावी नसणार. पण पुढची कित्येक वर्षं लोकांनी 'पुरावा' म्हणून तपासला तो हाच, ब्रश फिरलेला, जाळीतून छापलेला आणि त्या छपाईवरून पुन्हा कॉपी केलेला फोटो.

कॉपीवरून कॉपी करत गेलं की काय होतं, हे डार्करूममध्ये न शिरलेल्या माणसाला समजावणं अवघड जातं. प्रिंटचा फोटो काढून त्याची प्रिंट केली की मधले टोन खाल्ले जातात. दुसऱ्या खेपेला आणखी. ओठाखालची हलकी करडी सावली काळी ठिक्कर पडते, गालावरचा उतार नाहीसा होतो आणि मऊ उतरणीच्या जागी एक कड उभी राहते. ही कड मुळात नसतेच, ती कागदाने तयार केलेली असते. ऑस्वाल्डच्या हनुवटीवरची 'जोडाची रेघ' बहुतेकांनी अशाच प्रतींवर पाहिली. ब्रिटनमधले माल्कम थॉम्पसन हे निवृत्त पोलीस अधिकारी आणि छायाचित्रांचे जाणकार. त्यांनीही 1970 च्या दशकात बीबीसीसमोर हे फोटो बनावट असल्याचं सांगितलं, तेही प्रतींवरून. पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने नेमलेल्या, मूळ ऐवज तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळाचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी बाकी सगळ्यावर मंडळाचं म्हणणं मान्य केलं. हनुवटीविषयीची शंका तेवढी त्यांनी सोडली नाही.

तर हनुवटी. इथे मी रिटचर म्हणून बोलतो. संशय घेणारे म्हणतात की जोड हनुवटीच्या वर, ओठाखाली आहे. म्हणजे वरचा चेहरा ऑस्वाल्डचा आणि हनुवटीपासून खाली दुसरा माणूस. अहो, असा कुठला कारागीर कापेल? मी एवढी डोकी बसवली, पण एकदाही हनुवटीतून कापलं नाही. जोड कॉलरवर घ्यायचा, हा पहिल्या महिन्यात शिकवला जाणारा धडा. कॉलरला आपली कड असते, सावली असते, तिथे कात्रीचा माग आपोआप लपतो. चेहऱ्याच्या मधून, जिथे कातडीचा टोन सलग उतरत जातो आणि जिथे बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी जाते, तिथे जोड घेणं म्हणजे लग्नाच्या शालूला मधोमध ठिगळ लावण्यासारखं आहे. एवढं मोठं कारस्थान रचणाऱ्यांना एक बरा रिटचर मिळू नये?

मग हनुवटी रुंद का दिसते? डोक्यावर ऊन असलं की खालच्या ओठाखाली सावली पडते आणि हनुवटीचा खालचा भाग उजेडात राहतो. पोलीस ठाण्यातल्या फोटोत उजेड समोरून असतो, म्हणून तिथे हनुवटी टोकदार दिसते. दुपारी बाराला रस्त्यावर काढलेला तुमचाच फोटो घ्या आणि आधार कार्डाच्या फोटोशेजारी ठेवा. आधार कार्डाचा फोटो तसाही कुणासारखाच दिसत नाही म्हणा, पण मुद्दा लक्षात येईल.

नाकाच्या सावलीचा आक्षेप सगळ्यात लोकप्रिय आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. नाकाची सावली सरळ खाली, म्हणजे भरदुपार, आणि अंगाची जमिनीवर तिरकी, म्हणजे चार वाजलेले, असं म्हणतात. यात एक गोष्ट विसरली जाते. जमिनीवरची सावली कुठे पडायची ते सूर्य ठरवतो, पण नाकाची सावली चेहऱ्यावर कुठे पडायची ते सूर्य आणि मान दोघं मिळून ठरवतात. आज चार वाजता गच्चीवर जा. उभे राहा, पाय हलवू नका, नुसती मान सूर्याच्या बाजूला हळूहळू वळवा आणि कुणाला तरी फोटो काढत राहायला सांगा. गच्चीवरची तुमची सावली जवळपास तिथेच राहील. नाकाची सावली मात्र गालावरून सरकत सरकत थेट नाकाखाली येईल. मान थोडी खाली घातलीत की ती आणखी लांबेल. शिवाय जमिनीवरची सावली फोटोत किती तिरकी दिसते, हे कॅमेरा कुठून किती उंचीवर धरलाय यावरही ठरतं. दोन सावल्यांचे कोन डोळ्यांनी ताडून पाहणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

अमेरिकेतले डिजिटल छायाचित्रांचे तज्ज्ञ हॅनी फरीद यांनी 2009 मध्ये हेच संगणकावर करून पाहिलं. ऑस्वाल्डच्या डोक्याचं त्रिमित मॉडेल तयार केलं, फोटोतल्यासारखं वळवलं, परसाचा देखावा उभा केला आणि एकच प्रकाशस्रोत ठेवला. नाकाची सावली आणि अंगाची सावली दोन्ही फोटोतल्यासारख्या पडल्या. सूर्य एकच पुरला. पुढे 2015 मध्ये ते आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या आक्षेपाकडे वळले. फोटोतला माणूस असा कलून उभा आहे की तो पडायला हवा, असा तो आक्षेप. शरीर आणि रायफलचं वजन धरून तोल मोजला, तर तो माणूस आरामात उभा राहू शकतो. खरं सांगायचं तर या दुसऱ्या आक्षेपासाठी संगणक लागायला नको होता. एका पायावर भार टाकून कठड्याला न टेकता उभी असलेली माणसं एसटी स्टँडवर रोज दिसतात.

संगणक येण्याआधीचा एक साधा ताळाही आहे आणि तो तुम्ही कुठल्याही उन्हातल्या फोटोवर करू शकता. सावलीतला एखादा ओळखू येणारा बिंदू घ्या, समजा खांबाच्या सावलीचं टोक. तिथून खांबाच्या टोकापर्यंत पट्टीने रेघ ओढा आणि ती वाढवत न्या. दुसऱ्या वस्तूसाठी तसंच करा, तिसऱ्यासाठीही. उजेड एका सूर्याचा असेल तर या सगळ्या रेघा एकाच बिंदूत जाऊन मिळतात. जोडलेली वस्तू असेल तर तिची रेघ भलतीकडेच जाते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या त्या तज्ज्ञ मंडळाने परसातल्या फोटोंवर हेच केलं. जिना, खांब, माणूस, सगळ्यांच्या रेघा जुळल्या.

पण हे सगळं अजून प्रिंटवरचंच बोलणं झालं. माझ्यासारख्याला खरी खात्री पटते ती निगेटिव्ह हातात आल्यावर.

कॅमेरा होता इम्पीरियल रिफ्लेक्स. स्वस्तातला, प्लास्टिकचा, वरून खाली बघून फोटो काढायचा, 620 फिल्मवर चौकोनी निगेटिव्ह देणारा. आपल्याकडच्या आग्फा क्लिक थ्रीचा चुलतभाऊ म्हणा, फक्त हा पोटाशी धरायचा. अशा कॅमेऱ्यांची एक गंमत असते. फिल्मच्या पुढे जी चौकोनी खिडकी असते, तिच्या कडा साच्यातून काढताना नीट घासलेल्या नसतात. कुठे एक कुसळ, कुठे बारीक खाच. निगेटिव्हच्या चारही कडांवर त्याची नक्षी उमटते आणि प्रत्येक कॅमेऱ्याची नक्षी निराळी. शिवाय फिल्म आत सरकताना घासली जाते, त्याचे ओरखडे वेगळेच. रोल धुताना आम्ही गिऱ्हाइकाचं नाव न बघता सांगायचो, हा अमक्याचा कॅमेरा दिसतोय, याच्या डाव्या कडेला दात आहे. एफबीआयचे लिंडल शेनीफेल्ट यांनी त्याच इम्पीरियल रिफ्लेक्सने नवीन निगेटिव्ह काढून 133-बी च्या निगेटिव्हशी ताडून पाहिली. कडा जुळल्या. आयोगापुढे त्यांनी तशी साक्ष दिली.

आता बनावट करायची म्हटली तर काय काय करावं लागेल ते बघा. परसाचा फोटो काढा, त्यात माणूस बसवा, त्यावर ऑस्वाल्डचं डोकं बसवा, रिटच करा. मग त्या तयार चित्राचा फोटो ऑस्वाल्डच्याच कॅमेऱ्याने काढा, म्हणजे कडांची नक्षी येईल. पण हा कॅमेरा फिक्स फोकसचा. काही फुटांच्या पलीकडलं ठीक दिसतं, टेबलावर ठेवलेली प्रिंट त्याला स्पष्ट दिसतच नाही. म्हणजे चित्र भिंतीएवढं मोठं करून लांबून घ्यावं लागेल किंवा भिंग लावावं लागेल, आणि तरीही मूळ ग्रेनवर, म्हणजे फिल्मच्या दाण्यांवर, दुसरा ग्रेन चढेल तो वेगळाच. हे एकदा करणं शक्य आहे. मी स्वतः करून दाखवीन, आठ दिवस द्या. पण इथे फोटो एक नाही.

ए आणि बी मध्ये उभं राहण्याची तऱ्हा निराळी आहे. तिसरीही तऱ्हा आहे, 133-सी, तिच्याकडे पुढे येतोच. जॅक व्हाइट हे टेक्सासचे छायाचित्रकार बनावटीच्या बाजूचे सर्वांत हिरिरीचे वकील. त्यांचं म्हणणं होतं की सगळ्या फोटोंत मागची पार्श्वभूमी एकच आहे, म्हणजे एकच परस वापरून पुढे माणसं बदलली. मंडळाने काय केलं? ए आणि बी शेजारी ठेवून त्रिमित दर्शकातून पाहिले. लहानपणी व्ह्यू-मास्टर डोळ्याला लावला असेल तर हे लगेच कळेल. दोन किंचित वेगळ्या जागांवरून काढलेली चित्रं एकेका डोळ्याला दाखवली की खोली दिसते. मरीनाने कॅमेरा हातात धरला होता, दोन फोटोंच्या मधे तो थोडा हलला होता, म्हणून जिना पुढे आणि कुंपण मागे असं खरंखुरं अंतर दिसलं. पार्श्वभूमी एकच असती तर सगळं कॅलेंडरसारखं सपाट दिसलं असतं. रायफलच्या लांबीवरून व्हाइट यांनी गणितं मांडली होती. समितीपुढे त्यांना विचारलं, फोटोग्रॅमेट्री म्हणजे काय ते माहीत आहे का, म्हणजे फोटोवरून खरी मापं काढण्याचं शास्त्र. नाही, असं प्रामाणिक उत्तर त्यांनी दिलं. कललेली रायफल फोटोत आखूड दिसते आणि पुढे आलेलं टोक लांब, हे न धरता मोजपट्टी लावली की हवं ते सिद्ध होतं. मंडळाने रायफलच्या लाकडावरची एक खोच फोटोतही शोधली आणि पुराव्यातल्या खऱ्या रायफलवरही, हे जाता जाता.

सगळ्यात भारी पुरावा मात्र तंत्राचा नाही. जॉर्ज दे मोरेनशिल्ट हा रशियन वंशाचा गृहस्थ डॅलसमध्ये ऑस्वाल्डचा मित्र होता. त्याच्या सामानात 133-ए ची एक प्रिंट निघाली, थेट निगेटिव्हवरून काढलेली, बाकीच्यांपेक्षा स्पष्ट. मागे इंग्रजीत लिहिलंय, माझा मित्र जॉर्जला, ली ऑस्वाल्डकडून, आणि तारीख 5 एप्रिल 1963. समितीच्या हस्ताक्षरतज्ज्ञांनी ते ऑस्वाल्डचंच अक्षर ठरवलं. तिथे रशियनमध्ये आणखी एक ओळ आहे, 'फॅसिस्टांचा शिकारी, हा हा हा'. ती कुणी लिहिली ते ठरलं नाही. पण स्वतःच्या हाताने सही करून मित्राला दिलेला फोटो सात महिन्यांनी पोलिसांनी बनवला, असं म्हणायचं असेल तर सहीही बनावट ठरवावी लागते, मग मित्राचं सामानही, मग मरीनाची साक्षही. मरीनाने पुढे नवऱ्याच्या अपराधाबद्दलच शंका घेतली, सरकारी निष्कर्षांवर टीका केली, पण फोटो मी काढले हे तिने कधी मागे घेतलं नाही. किती काढले याबाबत तिची जबानी बदलत गेली, एक, मग दोन. आणखी एक फोटो तिने खुनाच्या दुसऱ्या दिवशी जाळून टाकला होता. घाबरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या, बावीस वर्षांच्या बाईकडून आकड्यांचा चोख हिशोब मागण्यात मला अर्थ वाटत नाही.

आणि ज्या समितीच्या मंडळाने फोटो खरे ठरवले, तिचा अंतिम निष्कर्ष काय होता ठाऊक आहे? केनेडींचा खून बहुधा कटातून झाला. पोलीस रेडिओच्या ध्वनिमुद्रणात चौथी गोळी ऐकू येते, या आधारावर. तो आधार 1982 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने निकालात काढला, तो भाग वेगळा. पण कट मानायला तयार असलेले लोकसुद्धा या फोटोंना बनावट म्हणू शकले नाहीत.

आता संशय घेणाऱ्यांचं जे मला खरोखर टोचतं ते सांगतो. तिसरी तऱ्हा, 133-सी, वॉरन आयोगापर्यंत पोचलीच नाही. ती 1970 च्या दशकात निघाली, डॅलस पोलीस दलातल्या एका माजी कर्मचाऱ्याच्या विधवेकडे. पोलिसांनी आठवण म्हणून प्रती काढून घरी नेल्या होत्या. एवढ्या मोठ्या खुनातला पुरावा, आणि प्रती गणपतीच्या प्रसादासारख्या वाटलेल्या. त्याहून विचित्र म्हणजे, नोव्हेंबर 1963 च्या अखेरीस त्या परसात पोलिसांनी आपल्याच एका माणसाला उभं करून फोटो काढला, आणि त्याची उभं राहण्याची तऱ्हा नेमकी सी मधली आहे, जी अधिकृतरीत्या कुणी पाहिलेलीच नव्हती. 1992 मध्ये डॅलसच्या दप्तरातून त्याच परसाची जी प्रिंट बाहेर आली तिच्यात माणसाच्या आकाराची पांढरी कापलेली जागा आहे. हे पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल. माझं वाचन असं, की पोलिसांकडे सी ची प्रत पहिल्यापासून होती, ती त्यांनी नोंदवली नाही, आणि डार्करूममधल्या कुणीतरी मास्क, म्हणजे चित्राचा भाग झाकणारा कागद, कापून प्रयोग करून पाहिला. कापलेल्या कडा करकरीत आहेत, तशा मास्कमधून निगेटिव्ह तयार होत नसते. पण हे माझं वाचन आहे. पोलिसांनी नोंदी नीट ठेवल्या असत्या तर वाचनाची वेळ आली नसती.

दुसरी टोचणी त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या फोटोची. 10 एप्रिल 1963 ला डॅलसमधले कट्टर उजव्या विचारांचे माजी जनरल एडविन वॉकर यांच्यावर गोळी झाडली गेली, ती ऑस्वाल्डने झाडली असं आयोगाने म्हटलं. वॉकर यांच्या घराच्या मागच्या बाजूचा फोटो ऑस्वाल्डच्या सामानात मिळाला. त्यात एक मोटार उभी आहे आणि तिच्या नंबर प्लेटच्या जागी प्रिंटला भोक आहे. मरीना साक्षीत म्हणाली, मला आधी दाखवला तेव्हा भोक नव्हतं. इथे सावल्या मोजायला नकोत, कोन काढायला नकोत. कागदाला भोक आहे आणि ते कधी पडलं याबद्दल साक्षीदार वेगळं सांगते. तुमच्या त्या व्हिडिओवाल्याने याकडे बोट दाखवलं असतं तर मी त्याच्या शेजारी उभा राहिलो असतो.

राहता राहिलं ऑस्वाल्डचं वाक्य, मला फोटोग्राफीतलं कळतं. त्याला खरंच कळत होतं. ऑक्टोबर 1962 पासून फोटो काढले त्याच्या पुढच्या आठवड्यापर्यंत तो डॅलसच्या जॅगर्स-चाइल्स-स्टोव्हल या ग्राफिक आर्ट कंपनीत डार्करूमचं काम शिकत होता. अटकेच्या वेळी त्याच्या पाकिटात ॲलेक हायडेल या नावाचं लष्करी नोंदणीचं कार्ड मिळालं, फोटो त्याचाच. स्वतःच्या कार्डाचा फोटो काढून, निगेटिव्हवर नाव झाकून, वर नवीन नाव टाईप करून ते बनवलं होतं. रिटच केलेल्या निगेटिव्ह त्याच गॅरेजमध्ये निघाल्या. म्हणजे या सगळ्या प्रकरणात डार्करूममध्ये बसून खोटा ऐवज तयार केल्याचा धडधडीत पुरावा एकाच माणसाविरुद्ध आहे. तो माणूस कोठडीत फोटो पाहून म्हणाला, डोकं चिकटवलंय. आमच्या धंद्यातला नवशिका हेच म्हणेल, कारण त्याला नुकतंच कळलेलं असतं की हे करता येतं.

फोटो खरा म्हणजे त्याने खून केला असं नाही. मार्चमधल्या एका रविवारी त्याच्या हातात ती रायफल होती, एवढंच तो फोटो सांगतो. नोव्हेंबरमधल्या शुक्रवारी, ज्या इमारतीतून गोळ्या झाडल्या असं आयोगाने म्हटलं, तिच्या सहाव्या मजल्यावर कोण होतं, ते सांगायला दुसरे पुरावे आहेत आणि त्यांची चर्चा दुसरी.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पार्श्वभूमीत जाळीचे ठिपके दिसतात, म्हणजे तो छापील पानावरून स्कॅन केलेला आहे. नळीच्या वरच्या बाजूने एक पांढरट रेघ जाते, ती दस्त्याजवळ जराशी जाड होते आणि तिथेच थांबते. ब्रश उचलला की अशीच संपते ती. दोन नंबरचा ब्रश असावा. मी असतो तर एक नंबरचा घेतला असता.